डावी विंग

बोरिवलीत एका जुन्या, बुद्धिप्रधान विनोदी नाटकाचा नव्या संचात पहिला प्रयोग झाला. जुनी व्हिडिओ कॅसेट घोटून आलेल्या केतनने मूळ नटासारखंच शेवटच्या वाक्याआधी थांबून डाव्या विंगेकडे बघितलं आणि टाळ्या घेतल्या.

नंतर रंगपटात त्याने त्या मूळ नटालाच, कुंडलिकरावांना, विचारलं, "सर, त्या पॉझमध्ये तुमच्या डोक्यात काय चालायचं?"

डोकं कोरं असायचं. दर प्रयोगाला ते वाक्य तिथेच विसरायचे आणि विंगेतून प्रॉम्प्टर शेवंती ते पुरवायची. चाळीस वर्षांत कुंडलिकराव हे कुणाला बोलले नव्हते. आताही त्यांनी सवयीने डावीकडे पाहिलं. म्हातारी शेवंती दाराशीच उभी होती. तिने नुसत्या ओठांनी शब्द दिला.

"चिंतन," कुंडलिकराव म्हणाले.

केतन वाकून पाया पडला, तेव्हा त्यांना पाय मागे घ्यावेसे वाटले.