ईरण्णाचं तोंड

लक्ष्मम्मानं आधारकार्ड टेबलावर ठेवलं. "भिंतीवर लावायला यातलं तोंड नको," ती म्हणाली. "हे ते न्हाईत."

उमाशंकरनं कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. फोटोच्या जागी काळपट डाग होता आणि त्यात डोळ्यांचे दोन ठिपके. तिचा नवरा ईरण्णा जाऊन आज नववा दिवस होता. लग्नातला एक फोटो होता, तो पेटीत ओल लागून गेला. पोराच्या मोबाईलमध्ये विकायला काढलेल्या म्हशीचे पाच फोटो निघाले, बापाचा एकही निघाला नाही.

"तुमच्याकडं असतील म्हणून आले," ती म्हणाली. "धा वर्सं तुमच्या खिडकीसमोर बसले ते. तुमी काढत हुता, म्या बघितलंय."

खरं होतं. उमरग्याच्या पलीकडच्या या गावात उमाशंकर चित्रं काढायला येऊन राहिला, तेव्हापासून ईरण्णा रोज दुपारी समोरच्या बांधावर म्हैस चारायला आणायचा, आणि उमाशंकर रोज ते काढायचा. तोच बांध, तोच माणूस, तीच म्हैस. एकच गोष्ट रोज बघायची, नीट दिसेपर्यंत बघत राहायची, यापलीकडे चित्रकलेत काही नाही असं तो मानत आला होता. पुण्याच्या प्रदर्शनात तो हेच बोलला होता. लोक गप्प बसून ऐकत होते.

त्यानं कपाटातल्या वह्या काढून चटईवर मांडल्या. लक्ष्मम्मानं पदराला हात पुसले आणि पहिली वही मांडीवर घेतली.

"ही चंद्री," ती म्हणाली. "डाव्या शिंगाचा टवका उडालाय, त्येबी काढलंय तुमी." तिनं पान उलटलं. "ह्यो दगुड. ह्याच्यावरच बसायचे."

सगळं होतं. काठीचा झिजलेला शेंडा होता, पटक्याची मागं सुटलेली गाठ होती, टाचेच्या भेगा होत्या. पटक्याखाली कागद कोरा होता.

तिनं पुढचं पान उलटलं. मग त्याच्या पुढचं. तिसरी वही झाल्यावर तिनं विचारलं, "तोंड कुठं काढलंय? दुसऱ्या वहीत हाय का?"

"नाही. चेहरा मी कोरा सोडायचो."

"का?"

याचं उत्तर पुण्यात त्याच्याजवळ होतं. चेहरा सोडला की तो माणूस या साऱ्या मुलखाचा होतो, असं तो म्हणाला होता, आणि कुणीतरी ते पेपरात छापलंही होतं.

"जमलं नाही," तो म्हणाला. त्यानं कधी करूनच बघितलं नव्हतं.

"व्हय," लक्ष्मम्मा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. वही मिटत ती म्हणाली, "दाढी करून यायचे ते. म्हशीमागं जायला कोण दाढी करतंय? म्या हसायची. तर म्हणायचे, सर लई बारीक बघत्यात."

उमाशंकर एक वही ओढून घेऊन पानं उलटायला लागला. नाकाची एखादी रेघ, गालाची कड, काहीही चाललं असतं. एका पानावर पटक्याखाली करडं काहीतरी दिसलं. त्यानं ते डोळ्यांजवळ नेलं. त्याच्याच अंगठ्याचा ठसा होता.

"म्या सांगते तसं काढा," लक्ष्मम्मा म्हणाली. "चाळीस वर्सं बघितलंय म्या."

त्यानं फळीवर नवा कागद लावला, कोळशाची कांडी घेतली.

"नाक कसं होतं?"

"सरळ. न्हाय, शेंड्याला जरा खाली. एवढं न्हाय."

"डोळे?"

"बारीक. हसले की मिटायचे."

भुवईवर बैलाचं शिंग लागल्याची खूण होती म्हणाली. कुठल्या भुवईवर, त्यानं विचारलं. तिनं आपल्या उजव्या भुवईला हात लावला. मग ईरण्णा समोर बसला असता तर ती खूण कुठं आली असती, असा विचार करून तो हात डावीकडं नेला. मग खाली घेतला.

तासाभरानं कागदावर एक म्हातारा तयार झाला. रेघ चांगली होती, उमाशंकरला ते कळत होतं. हात अजून शाबूत होता.

लक्ष्मम्मानं बराच वेळ बघितलं. "कुणी पाव्हणा असल्यावानी दिसतंय," ती म्हणाली.

त्यानं चिंधीनं पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला हनुवटीपासून. तिनं सांगितलं तसा जबडा अरुंद केला, मग रुंद केला, मग पुन्हा अरुंद.

"गाल बसलेले होते?"

त्यानं वर बघितलं. लक्ष्मम्मानं डोळे मिटले होते. तिचा हात तोंडासमोर अधांतरी होता. बोटं काहीतरी चाचपडत होती, मग थांबली.

"मावशी?"

"पुसा ते," ती म्हणाली.

त्यानं पुसलं.

"समदं पुसलं?"

कागद करडा झाला होता आणि आतून रेघा अजून दिसत होत्या. त्यानं तो काढला, उलटा करून पुन्हा फळीवर लावला.

"सगळं पुसलं."

तिनं डोळे उघडले नाहीत.

"तरीबी तुमी काढलेलंच दिसतंय," ती म्हणाली. "आज सकाळपतुर डोळे मिटले की मला ते दिसत हुते."