रुपयाएवढा सेल

गाझियाबादच्या फ्लॅटमधला कॉम्प्युटर रोज सकाळी एकच तारीख दाखवायचा: एक जानेवारी दोन हजार दोन. विजयाताईंना ही खोड आवडायची. त्याच तारखेला दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमधून बिऱ्हाड इथे आलं होतं. नव्या ओट्यावर शकुनाचं दूध उतू गेलं तेव्हा पंचविशीतली लेक टाळ्या पिटत नाचली होती. पुढे ती कॅनडाला गेली. ताई चहा घेऊन रोज त्या सकाळीत जाऊन बसायच्या. पण आता अपडेट अडकलं, लेकीचा पहिलाच व्हिडिओ कॉल लागेना. मेकॅनिकने कॉम्प्युटर उघडून तारीख सांभाळणारा रुपयाएवढा सेल काढून दाखवला. “आंटी, सेल डेड हो गया. तारीख ग़लत है, इसीलिए अपडेट नहीं होता. बदल दूँ?” ताईंनी पडद्यावरची तारीख एकदा पाहून घेतली. “बदलो, भैया.” तारीख दहा वर्षं पुढे सरकली, पडद्यावर लेक आली. सकाळीच तर नाचत होती. एवढ्यात तिच्या कानाशी केस पिकले होते.