बिनगुळाचं धोंडस

गूळ चिरायला घेण्याआधी उमाताईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. चोरीच होती ती, फक्त उलटी. सात वर्षं या घरात गूळ लपवायचे ते यजमान, म्हणजे मास्तर, आणि शोधून काढायच्या त्या उमाताई. कधी तो तांदळाच्या डब्यात सापडे, कधी पंचांगामागे, एकदा तर छत्रीत. काल मात्र मारुती मंदिरापाशी रिक्षातून उतरून उमाताईंनी स्वतः गुळाची पुडी घेतली आणि पदराखाली दडवून घरात आणली.

त्याआधी तासभर डॉक्टर त्यांना म्हणाले होते, "आता पथ्य राहू दे, काकू. काका मागतील ते द्या." मूत्रपिंडं थकली होती आणि हृदयाला डायलिसिस झेपणार नव्हतं. डॉक्टरांनी हे इतक्या हळू सांगितलं की उमाताईंना त्यांचाच राग आला. खेकसून सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं. घरी येऊन त्यांनी मास्तरांना सांगितलं, "रिपोर्ट बरे आहेत."

मास्तर आठवडाभर एकच मागत होते, तवशाचं धोंडस. जून काकडी किसायची, तिच्या पाण्यात तांदळाचा रवा आणि गूळ शिजवायचा, मग पातेल्याला खाली-वर निखारे देऊन भाजायचं. मास्तरांची साखर निघाल्यापासून उमाताईंनी त्यातला तांदूळ काढला, गूळ काढला आणि शेंगदाण्याचं कूट, सोयाबीनचं पीठ, ओलं खोबरं असला संसार मांडला. पहिली दोन वर्षं ते नुसतं भुरभुरायचं. मग ताकात घट्ट मळून, मंद निखाऱ्यांवर तासभर ठेवून त्यांनी ते वठणीवर आणलं. वडी पडू लागली, पण अशी की मास्तरांनी तिचं नाव जांभ्याचा चिरा ठेवलं. "आज खाण चालू काय गो?" असं विचारत ते यायचे, नावं ठेवत दोन वड्या संपवायचे. तिसरी उमाताई देत नसत.

आज रवा तांदळाचा होता. मागीलदारी चुलीवर पातेलं चढलं, झाकणावर करवंट्यांचे निखारे पसरले आणि वास घरभर गेला. तो लपणार नाही हे ठाऊक होतं म्हणून उमाताईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, "औषधाच्या दुकानात गोडीच्या गोळ्या आल्यात. साखर वाढत नाही म्हणे त्यांनी. त्या घालून बघत्ये."

चार वाजता त्या ताटली घेऊन पडवीत आल्या. मास्तर खुर्चीत होते, सुजलेले पाय स्टुलावर. पहिला घास त्यांनी डोळे मिटून खाल्ला.

"सुधारला गो तुझा चिरा."

उमाताईंना जरा हायसं वाटलं. तेवढ्यात मास्तरांनी उरलेली वडी उलटी केली. बुडाशी काळसर, चकाकती खरवड धरली होती. गुळाशिवाय ती तशी धरत नाही. वाढण्याआधी काढून टाकायला हवी होती, पण इतकी चांगली खरवड टाकून द्यायला त्या हातांना कधी जमलंच नव्हतं.

मास्तरांनी तिच्यावरून नख फिरवलं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस तो.

"गोळ्यांची खरवड होत नाही," ते म्हणाले.

मास्तरांनी ताटली बाजूला सारली.

"ने हे. साखर वाढेल माझी."

"खा हो. एवढ्याशानं काही होत नाही."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. गूळ हातात घेऊन पकडले गेले की सात वर्षं मास्तर हेच म्हणत आले होते आणि उमाताईंनी ते एकदाही चालू दिलं नव्हतं. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावले नाहीत. उमाताई कोरडेच हात पदराला पुसत बसल्या.

मास्तरांनी ताटली परत पुढ्यात ओढली. कण न् कण सावकाश टिपून खाल्ला आणि रिकामी ताटली पुढे केली.

"वाढ आणखी."

उमाताईंनी दुसरी वाढली. मग न मागता तिसरी.

"बूथवरून मुकुलला फोन कर," मास्तर खाता खाता म्हणाले. मुकुल त्यांचा एकुलता एक मुलगा, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होता. "रजा काढून ये म्हणावं."

"आता कशाला उगाच? दिवाळीची रजा ठेवल्ये त्यानं. महिन्यावर तर आली दिवाळी. सूनबाई, मुलं, सगळीच येतील तेव्हा."

"महिना लांब आहे गो," मास्तर म्हणाले. "उद्याच ये म्हणावं."