टपावर दोन सायकली

"टपावर काहून चढवता, भाऊ? मागं हुक लावून देतो, त्यावर स्टँड. दोन मिंटात सायकल चढते, दोन मिंटात उतरते," घनश्याम म्हणाला.

भूपेंद्र गाडीभोवती फिरत होता. तुमसरहून लाखनीपर्यंत दोन्ही सायकली त्याने मागची सीट पाडून, आडव्या कोंबून आणल्या होत्या. आता त्या घनश्यामच्या कॅरियरच्या दुकानाच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. एक काळी, दणकट. दुसरी पिवळी, हँडलला निळी रिबीन गुंडाळलेली. हायवेवरून ट्रक गेला की रिबिनीचं टोक हलायचं.

"मागं लावल्या तर समोरून दिसन का?" भूपेंद्रने विचारलं.

"समोरून कशाले दिसन? गाडीच्या आड जाते ना."

"मंग नाई."

घनश्यामने आतून पट्ट्यांचं कॅरियर आणून दाखवलं. डिक्कीच्या दाराला अडकवायचं, ओढून बांधायचं, झालं. सगळ्यात सोपं तेच. पण नंबरप्लेट झाकली जाते आणि पोलीस थांबवतात, हेही त्याने सांगून टाकलं. गिऱ्हाइकाला फसवायची त्याला सवय नव्हती.

"टपावरचंच लावा," भूपेंद्र म्हणाला.

"लावतो ना. पन आयका. वर हवा लागते, डिझेल जास्ती खाते. झाडाच्या फांद्या लागते. रेल्वेच्या पुलाखालून जाताना ध्यान ठेवा लागते. आन् वर चढवाले ताकद लागते."

"मी चढवीन," त्याची बायको सत्यभामा म्हणाली.

आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती. घनश्यामने वळून पाहिलं. बाई किरकोळ अंगाची होती, पदर खोचून गाडीच्या सावलीत उभी.

"यायचं छातीचं ऑपरेशन झालं," ती म्हणाली. "यायले वजन उचलनं मना हाय."

"असं का. नवेगावबांधले चालले का मंग फिराले? पोरं नाई आणली?"

भूपेंद्रने गाडीचं दार उघडून सीटवरच्या गठ्ठ्यातला एक कागद काढला आणि घनश्यामच्या हातात दिला. फोटोत शाळेच्या गणवेशातली मुलगी होती. दामिनी, वय सोळा. दिसल्यास कळवावे. खाली सत्यभामाचा मोबाईल नंबर.

"अकरा महिने झाले," भूपेंद्र म्हणाला. "रोज सकाळी आम्ही दोघं सायकलवर जात होतो, नाकाडोंगरीच्या रस्त्यानं. त्या दिवशी भांडण झालं. दहावीच्या मार्कावरून. मी लय बोललो तिले. 'माझ्यासोबत येऊ नको' म्हटलं. ती एकटीच निघाली. सायकल तुमसर रोडच्या स्टेशनावर भेटली."

घनश्याम कागदाकडे बघत राहिला.

"गाडीत बसली असन. कुठं ना कुठं उतरलीच असन," भूपेंद्र म्हणाला. "मले पाहून लपन ती. कागद पाहून बी लपन. पन दोन्ही सायकली सोबत दिसल्या ना, तर तिले कळन, का बाबाचा राग गेला. म्हणून वरच पायजे. दुरून दिसल्या पायजे."

घनश्यामने शिडी आणली.

दोन तास काम चाललं. आडवे बार बसले, त्यावर चाकांसाठी दोन पन्हळी. भूपेंद्र रस्ता ओलांडून पलीकडे गेला, तिथून बघून आला. मग आणखी लांब, पेट्रोल पंपापर्यंत गेला. तेवढ्यात घनश्यामने हळूच विचारलं, "वैनी, पोलीस काय म्हणते?"

"शोधून राहिले म्हणते."

"भाऊ जाते का ठान्यात?"

"मीच जाते. डॉक्टरनं यायले टेन्शन घ्याले मना केलं."

घनश्यामची आई रुखमिणी पाणी घेऊन आली. तिने फोटो बघितला, सत्यभामाच्या पाठीवरून हात फिरवला. "येईन बाई पोरगी. मायचा जीव सांगते, तो कधी खोटं बोलत नाई."

"हो," सत्यभामा म्हणाली आणि तांब्या रिकामा केला.

सायकली तिनेच चढवल्या. आधी काळी. मग पिवळी. घनश्याम मदतीला पुढे झाला, तिने नको म्हटलं. पट्टा घट्ट बसला तरी ती तो ओढतच राहिली. शेवटी घनश्यामच म्हणाला, "बस झालं वैनी, तुटन."

पेट्रोल पंपाकडून भूपेंद्र जवळजवळ धावतच आला. त्याचा चेहरा उजळला होता. "दिसते! तिथून साफ दिसते, दोन्ही!" अकरा महिन्यांत तो पहिल्यांदा हसला असावा, असं घनश्यामला वाटलं. बाईने मात्र मान फिरवली.

निघताना घनश्यामने कागद दुकानाच्या काचेवर लावला, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी.

हायवेला लागताना भूपेंद्रने गाडी थांबवली. "पहिले गोंदियाले जाऊ का? साकोलीवरून सीधा रस्ता हाय."

"तिकडं नको."

"काहून? रेल्वे तिकडंच जाते ना."

"तुम्ही नागपूरले आयसीयूत होते, तवा मी माह्या दादासोबत तिकडं जाऊन आली. मुर्दा सापडला म्हणून बलावलं होतं ना पोलिसायनं. सांगितलं होतं तुम्हाले, दुसऱ्याची पोरगी होती म्हणून." ती समोर बघत होती. "गोंदियात नाई ती. पवनीकडं घ्या."

"बरं," भूपेंद्र म्हणाला. बायकोच्या शब्दावर त्याचा विश्वास होता. त्याने गाडी वळवली आणि हळू चालवू लागला, कोणालाही सायकली नीट बघता याव्यात म्हणून.

गोंदियाच्या स्मशानघाटावर त्या दिवशी दामिनीला अग्नी सत्यभामानेच दिला होता.