वीज उतरवण्याची जागा

आठ गावांवर कोसळणारी वीज आता लेझरच्या शलाकेने वळवून एकाच ठिकाणी उतरवली जात असे, आणि ते ठिकाण म्हणजे नकाशात निर्जन म्हणून नोंदलेला वेताळमाळ. वीज-नियंत्रण केंद्रातील उर्मिला गोसावी कळ दाबणार, तोच वीज उतरवण्याआधी गावात वाजणारा इशाऱ्याचा भोंगा ऐकून धावत आलेले मेंढपाळ धुळाजी हाके आत शिरले.

“बाई, थांबा! माझी कारभारीण अन् दोनशे मेंढरं माळावर हायती.”

“मामा, नकाशात तिथे कोणी राहत नाही.”

“राहत न्हाई कुणीच. पर आज हाय की!”

दोन मिनिटांत गावांवर दाटलेल्या ढगातली वीज मनाला येईल तिथे कोसळणार होती. माळावरच्या मनोऱ्याखेरीज वीज उतरवायला दुसरा मनोरा एकच होता, याच केंद्राच्या छपरावरचा, केवळ चाचणीपुरता उभारलेला.

“भिंतीपासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसा,” असे म्हणून उर्मिलाबाईंनी शलाका त्या मनोऱ्याकडे वळवली.

सारे आभाळ जणू एका शुभ्र रेषेत गोळा होऊन त्यांच्या मस्तकावर उतरले. काचा फुटल्या, संगणकांचे पडदे विझले, जमीन कितीतरी वेळ थरथरत राहिली.

धुळाजींनी हळूहळू मान वर केली. “एवढी?” ते पुटपुटले. “एवढी वीज तुमी आमच्या माळावर सोडत व्हता, बाई?”