पहिली फुलपँट

"अजून घट्ट कर," धाकटा म्हणाला.

आई त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली होती. ओठांत टाचण्या, हातात पँटची कंबर. पँट थोरल्याची, दोन वर्षांपूर्वीची. शाळेचा नियम असा, की पाचवीपर्यंत हाफपँट आणि सहावीपासून फुलपँट. धाकटा आज सहावीत जाणार होता, पण त्याची कंबर अजून चौथीतच राहिली होती.

"आणखी घट्ट केली तर डबा कुठे जाईल तुझा?" टाचण्या काढून आई म्हणाली. "वाढतं अंग आहे. थोडी सैल असू दे."

"सैल नको."

"बरं, वरून पट्टा लाव."

"पट्टा निघतो."

"आपोआप कसा निघेल रे?"

धाकटा हळूच म्हणाला, "मला हाफपँटच दे ना, आई. मागच्या वर्षीची होते अजून."

"चौथीत असताना याच फुलपँटसाठी घर डोक्यावर घेतलं होतंस. विसरलास?"

विसरला नव्हता. पण गेल्या वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, त्याने जिन्यावरून खाली पाहिलं होतं. पाण्याच्या टाकीमागे आठवीची मुलं नव्या फुलपँटवाल्यांना एकेक करून उभं करत होती आणि त्यांची पँट खाली ओढत होती. भोवती ही गर्दी. ज्याचा थोरला भाऊ शाळेत असेल, त्याचे हात मागून त्या भावानेच धरायचे, असा त्यांचा कायदा होता. तो कोणी केला हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण पाळला मात्र जायचा. शाळेच्या नियमांच्या नशिबी एवढा मान कधी आला नाही. एक मुलगा "दादा, दादा" म्हणून ओरडत होता आणि त्याला धरून उभा असलेला त्याचा दादा वर आभाळाकडे बघत होता. सगळे हसले होते. धाकटाही हसला होता.

आता त्याचा स्वतःचा दादा आठवीत गेला होता.

"वा वा!" बाबा अर्ध्या गालाला फेस लावून दारात आले. "फुलपँट चढली! आता आरशासमोर नंबर लावावा लागणार म्हणायचा."

"बाबा, माझ्या पोटात दुखतंय."

बाबांनी त्याच्या कपाळाला हात लावला. पोट दुखत असलं तरी बाबा कपाळच बघत. "ताप नाही," ते म्हणाले. "पहिल्या दिवसाची भीती आहे ही. दादा आहे ना शाळेत? मग घाबरायचं कशाला?"

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. तो टेबलाशी बसला होता. दुधाचा पेला भरलेला, दुधावर साय धरलेली. एरवी तो स्वतःचं दूध संपवून धाकट्याच्या पेल्यावर डोळा ठेवायचा.

धाकट्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. सांगून टाकावं. आई पदर खोचून शाळेत येईल, बाबा अर्ध्या दाढीनिशी येतील. तेवढ्यात आईच्या पाठीमागून दादाने मान हलवली. नाही. घरी सांगणाऱ्याची पुढे रोज काढतात, हे धाकट्यालाही माहीत होतं. त्याने तोंड मिटलं.

"उभा राहा सरळ," आई म्हणाली. तिने दोरा दातांनी तोडला, दोन पावलं मागे सरकून त्याच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "केवढा मोठा दिसतोय माझा मुलगा."

जिन्यात दादा दोन पायऱ्या पुढे होता. पहिल्या मजल्यावर तो थांबला.

"आत खेळायची चड्डी घातलीस?"

"दोन घातल्यात."

"बरं केलंस."

"त्याही ओढतात?"

दादाने दप्तराचा बंद उगाच घट्ट केला, मग सैल केला.

"तुझी काढली होती?" धाकट्याने विचारलं.

"हो."

"रडलास?"

"सगळेच रडतात. मग घंटा होते."

खालच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. दादा भिंतीकडे बघत भरभर बोलला, पाठ केल्यासारखा. "हे बघ, मी हात सैल धरीन. पण तू सुटून पळू नकोस. पळालास तर दोघांची काढतील. मी म्हटलं होतं त्यांना, याला सोडा, लहान आहे. खरंच म्हटलं होतं."

"मग?"

"हसले."

धाकट्याने मान डोलावली. दादाच्या कपाळावर घाम आला होता. दादाला भीती वाटते, हे त्याला या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. ते कळल्यावर तो जास्तच घाबरला, कारण आता कुणीच उरलं नव्हतं.

दोघे रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. पलीकडे शाळेच्या कोपऱ्यावर आठवीची तीन-चार मुलं भिंतीला टेकून थांबली होती. त्यातल्या एकाने दादाला हात केला. दादानेही केला, अर्धवट.

वर खिडकी उघडली. आई निम्मी बाहेर वाकली होती.

"अरे, गाड्या बघ केवढ्या आहेत! त्याचा हात धर!"

दादाने हात पुढे केला. धाकटा एक पाऊल मागे सरकला आणि त्याने दोन्ही हात खिशांत कोंबले.

"आत्ता नको, दादा," तो म्हणाला. "तिथेच धर."