ओली खूण

व्हर्नाने खडू फासलेली पोलादी टेप कुरणातल्या विहिरीत सोडली आणि वर ओढून ओली खूण पाहिली. मागच्या ऑगस्टपेक्षा पाणी हातभर वर आलेलं. नेब्रास्कात यंदा गवत करपलं, गाई हंबरताहेत, मग हे कसं? तिने पुन्हा खडू फासून मोजलं. खूण तिथेच. ती टेप हातात घेऊनच तडक कुंपणापाशी गेली. शेजारच्या ऑरिनने मक्यासाठी पाणी उपसून आपली विहीर आटवली, या रागाने अकरा वर्षं तिने तिकडे मानही वळवली नव्हती. आज पाहिलं, तर मक्याच्या जागी रान माजलेलं. पलीकडे ऑरिन काठी टेकून उभा होता. "पंप बंद का रे?" तिने विचारलं. "पेरलंच नाही यंदा. गुडघे गेले. लेकीकडे चाललोय कायमचा. पाज आता गाईंना पोटभर." व्हर्नाने टेपवरची ओली खूण अंगठ्याने पुसून टाकली. "टेपच चुकतेय बहुधा. तू पंप चालू कर. मी पुन्हा मोजते."